यवनविद्येची कुळकथा

पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर माढा तालुक्यातील मोडनिंब हे गाव लागते आणि कुर्डुवाडी-पंढरपूर लोहमार्गावर त्याचे स्थानकही आहे, हे त्या मुलखातील माणसाला सांगावयास नको. परंतु इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने ज्या नगराची नोंद आपल्या टिपणवहीत करून ठेवली, ते नगर याच लोहमार्गाच्या दुसऱ्या अंगाला, बार्शीच्या पलीकडे आहे, ही गोष्ट मात्र तेथील शाळा-महाविद्यालयांतूनही क्वचितच निघते. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने १८९७ साली बार्शी रोडपासून, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपासून, बार्शीपर्यंत अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून गाडी सुरू केली. १९०६ साली ती पंढरपूरला पोहोचली तेव्हा मोडनिंब तिच्या वाटेत आले, आणि १९११ साली तिची दुसरी शाखा लातूरला जाऊन भिडली तेव्हा निजामाच्या मोगलाईतील तेर हे खेडे तिच्या वाटेत आले. वारकऱ्यांची ने-आण करणारी ही चिमुकली गाडी मोडनिंब आणि तेर या ज्या दोन गावांवरून धावत होती, त्यांच्याच आधाराने महाराष्ट्रातील ग्रीक-रोमन विद्येची कुळकथा सांगता येते, असे मला वाटते. यवनविद्या हा शब्द मी येथे जुन्या अर्थाने वापरतो आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहातील खांबांवर ज्या यवनांची दाने कोरली आहेत, त्या अर्थाने.

या कुळाचा मूळ पुरुष शोधू गेल्यास गोव्यात जावे लागते. सोळाव्या शतकाच्या मध्याला जुन्या गोव्याच्या सेंट पॉल महाविद्यालयात जेझुइट पाद्री लॅटिन शिकवीत होते, आणि त्याच परंपरेत वाढलेल्या फादर स्टीफन्सने १६१६ साली आपले ख्रिस्तपुराण मराठीत छापून काढले. परंतु ती लॅटिन देवळापुरती होती; तिच्यातून होमर किंवा लिव्ही यांच्याकडे जाणारी वाट आपल्या लोकांसाठी कोणी उघडली नाही. मराठी वाचकाला ग्रीसचा पहिला मातब्बर परिचय झाला तो कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी १८५२ साली लिहिलेल्या सॉक्रेटिसाच्या चरित्रातून, आणि तोही इंग्रजीच्या मध्यस्थीने.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. त्याच वर्षी ऑक्सफर्डच्या अलेक्झांडर ग्रँट या तरुण विद्वानाने ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राची आपली संपादित आवृत्ती प्रसिद्ध केली, आणि योगायोग असा की हाच ग्रँट पुढे एल्फिन्स्टन महाविद्यालयाचा प्राचार्य, १८६३ पासून मुंबई विद्यापीठाचा कुलगुरू आणि मग इलाख्याच्या विद्याखात्याचा प्रमुख झाला. ॲरिस्टॉटलचा एवढा व्यासंगी अधिकारी विद्यापीठाच्या पहिल्या दशकातच लाभूनही आपल्याकडे ग्रीक भाषेचे बीज रुजले नाही, याचे कारण शोधायचे तर परीक्षेच्या अर्जातील एका रकान्याकडे पाहावे लागते. इंग्रजीखेरीज जी दुसरी भाषा विद्यार्थ्याने घ्यावयाची, तिच्यासाठी ग्रीक, लॅटिन, संस्कृत, हिब्रू, अरबी, फार्सी अशा अभिजात भाषांची यादी होती, आणि प्रारंभी त्या यादीत असलेल्या देशी भाषा पुढे पदवीपरीक्षांतून हद्दपार झाल्या. ग्रँटसारख्यांचा हेतू असा की ऑक्सफर्डात ग्रीक-लॅटिनने जे केले ते येथे संस्कृताने करावे. ते तसे झालेही, परंतु फार महाग पडले. हा रकाना जातीच्या चौकटीतच भरला गेला : ब्राह्मणाचा मुलगा संस्कृत लिही, ख्रिस्ती विद्यार्थी बहुधा लॅटिनकडे वळे, आणि भीमराव आंबेडकरांसारख्या विद्यार्थ्याला शाळेत संस्कृत नाकारले गेल्यामुळे फार्सीवर समाधान मानावे लागले. भाषा ही आवडीची बाब न राहता जन्माच्या दाखल्याची बाब झाली. लॅटिन घेणारा दहा पाने सीझर पाठ करून परीक्षा उतरे आणि वकिलीकडे किंवा सरकारी नोकरीकडे जाई. त्याच्यातून लॅटिनचा विद्वान निपजावा अशी अपेक्षा ना विद्यापीठाने केली ना त्याच्या बापाने.

मग ग्रीस आणि रोम यांचा खराखुरा अभ्यास कोणी केला? माझे उत्तर असे आहे की तो संस्कृतच्या पंडितांनी केला, आणि घरच्या दाव्यात बाहेरचा साक्षीदार लागतो म्हणून केला.

याचे सर्वांत देखणे उदाहरण रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचे. हे १८६२ च्या पहिल्या पदवीधरांपैकी एक. पतंजलीचा काळ कोणता, हा प्रश्न तेव्हा युरोपात आणि येथेही वादग्रस्त होता. महाभाष्यात एका भूतकाळाचा नियम सांगितला आहे : घडलेली गोष्ट बोलणाऱ्याने स्वतः पाहिलेली नसेल, पण ती लोकांत प्रसिद्ध असेल आणि त्याने मनात आणले असते तर त्याला पाहता आली असती, तर अमुक एक क्रियापदरूप वापरावे. उदाहरण म्हणून पतंजली म्हणतो की यवनाने साकेत नगराला वेढा घातला, यवनाने मध्यमिकेला वेढा घातला. म्हणजे यवनाची ती स्वारी पतंजलीच्या हयातीतील असली पाहिजे. जर्मन पंडित गोल्डस्ट्यूकर याने या उदाहरणांकडे आधीच लक्ष वेधले होते; भांडारकरांनी १८७२ साली त्याच भाष्यातून आणखी एक वाक्य पुढे आणले, ज्यात पुष्यमित्राचा यज्ञ चालू असल्याचे वर्तमानकाळात म्हटले आहे, आणि दोन्ही पुराव्यांचा मेळ ग्रीक इतिहासाशी घालून पतंजलीला इसवी सनापूर्वी १४४ ते १४२ या वर्षांच्या आसपास आणून बसवले. मिनँडर या यवन राजाच्या स्वाऱ्यांबद्दल स्ट्रॅबोने जे लिहून ठेवले ते येथे कामास आले. ज्या विद्वानाला आयुष्यभर पाणिनीची सूत्रे उकलायची होती, त्याला एका क्रियापदाचा निकाल लावण्यासाठी बॅक्ट्रियाच्या ग्रीकांपर्यंत जावे लागले, यात मला त्या पिढीच्या अभ्यासाची सारी ऐट दिसते.

दुसरा दावा काशीनाथ त्र्यंबक तेलंगांचा. बर्लिनच्या वेबर या पंडिताने रामायण होमरवरून रचले असावे असा तर्क मांडला, तेव्हा तेलंगांनी १८७३ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्याला पुस्तिकारूपाने जबाब दिला. त्यातील युक्तिवाद वकिलाचा आहे, आणि तो वाचताना हा तरुण पुढे उच्च न्यायालयाचा न्यायमूर्ती होणार याचे नवल वाटत नाही. तिसरा दावा याहून कडक. आंबेडकरांनी १९३६ च्या आपल्या जातिनिर्मूलनावरील, प्रत्यक्ष न झालेल्या आणि म्हणूनच गाजलेल्या भाषणात प्लेटोलाच पाचारण केले आणि माणसांचे तीन वर्ग पाडून राज्य चालवू पाहणाऱ्या त्या तत्त्वज्ञाला मानवी स्वभावातील वैविध्य कळले नाही, हाच दोष चातुर्वर्ण्याच्याही माथी मारला. रोमच्या प्लेबियनांचा दाखलाही त्यांनी तेथेच दिला आहे. संस्कृताचा रकाना ज्याला बंद झाला त्याने प्लेटोला असा कामाला लावावा, हे त्या रकान्याला मिळालेले चोख उत्तर होते.

आता बार्शीच्या गाडीकडे परत येऊ.

पहिल्या शतकातील ज्या ग्रीक व्यापाऱ्याचा उल्लेख वर केला, त्याचे नाव आपणांस ठाऊक नाही. त्याची वही पेरिप्लस या नावाने ओळखली जाते, आणि तिची दहाव्या शतकातील हस्तलिखित प्रत जर्मनीत हायडेलबर्ग येथे आहे. भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे, असे तो सांगतो; पैठणपासून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे फार मोठे नगर आहे; आणि या दोन पेठांतून बैलगाड्यांवर लादलेला माल रस्ता नसलेल्या विस्तीर्ण प्रदेशातून भडोचला उतरतो, पैठणहून अकीकासारखे दगड आणि तगरहून जाडेभरडे कापड व नाना तऱ्हेची मलमल. मॅक्रिंडल या गृहस्थाने १८७९ साली या वहीचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले आणि आपल्याकडील पंडितांच्या हाती ती सहजगत्या पडू लागली. पैठणाबद्दल वाद नव्हता, कारण टॉलेमीनेही त्याला सिरी पुळुमावीची राजधानी म्हटले आहे. परंतु तगर कोठे?

यानंतर जे घडले ते मोठे मनोरंजक आहे. कोकणच्या आणि कोल्हापूरच्या शिलाहार राजांनी आपल्या ताम्रपटांत तगर नगराचे अधीश्वर ही बिरुदावली अभिमानाने मिरवली होती, त्यामुळे तगर हे कोठेतरी दख्खनेतच असले पाहिजे, एवढे निश्चित होते. विल्फर्ड या संशोधकाने ते देवगिरीला नेऊन ठेवले, पंडित भगवानलाल इंद्रजींनी जुन्नरला, आणि भांडारकरांनी १८८४ च्या आपल्या दख्खनच्या इतिहासात धारूरला. १९०१ साली जे. एफ. फ्लीट या मुलकी खात्यातल्या शिलालेखतज्ज्ञाने सिद्ध केले की तगर म्हणजे तेरणा नदीकाठचे तेर. दोन हजार वर्षांपूर्वीचे फार मोठे नगर आणि आजचे तेर यांत नावाच्या अवशेषाखेरीज काही उरले नसावे असे वरवर पाहणाऱ्यास वाटे. हेन्री कझिन्स या पुरातत्त्वज्ञाने तेथील त्रिविक्रमाचे देऊळ पाहिले तेव्हा मात्र त्याच्या लक्षात आले की विष्णूच्या मूर्तीमागे उभी असलेली ही अर्धवर्तुळाकार पाठीची विटांची इमारत मुळात बौद्धांचे चैत्यगृह असली पाहिजे.

तरीही पुस्तकातले तगर मातीतून वर यायला आणखी अर्धशतक गेले, आणि मध्यंतरी पुण्यात एक गोष्ट घडली. ज्या डेक्कन कॉलेजात आगरकर, टिळक शिकले, आणि एका काळी एडविन अर्नोल्ड ज्याचा प्राचार्य होता, ते १९३४ साली बंद पडले. १९३९ साली ते पुन्हा उघडले ते पदवीनंतरच्या संशोधनाची संस्था म्हणून, आणि ह. धी. सांकलिया तेथे पुरातत्त्वाचे अध्यापक झाले. जुन्या इंग्रजी धर्तीच्या अभिजात शिक्षणाची जागा फावड्याने आणि खुरपीने घेतली असे म्हटले तर काही जणांस राग येईल. मला स्वतःला त्यात यवनविद्येच्या भाग्योदयाचा क्षण दिसतो. कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या टेकाडावर पॉसिडॉन या ग्रीक समुद्रदेवतेची काशाची छोटी मूर्ती निघाली, आणि १९४५-४६ च्या हंगामात डेक्कन कॉलेजने तेथे रीतसर उत्खनन केले. ती मूर्ती आज कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात आहे. समुद्रापासून सह्याद्री ओलांडून इतक्या आत, पंचगंगेच्या काठी, समुद्राच्या देवाला कोणी आणि कशासाठी आणले असेल, याचा विचार करीत विद्यार्थ्याने तिच्यापुढे खुशाल घटकाभर उभे राहावे.

तेर येथे १९५८ साली चापेकर या संशोधकांनी उत्खनन केले. मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले तेही त्याच वर्षी. परंतु तेरचे खरे भांडार गावातच जमा झाले होते. रामलिंगप्पा लामतुरे या तेरच्याच गृहस्थांनी शेतांतून आणि पांढरीतून पावसाने उघड्या पाडलेल्या वस्तू वर्षानुवर्षे वेचून ठेवल्या, आणि आज त्यांच्याच नावाने शासनाचे संग्रहालय तेथे आहे. संतपरंपरेत तेर हे गोरोबा कुंभाराचे गाव. ज्या गावात संतांची मडकी कच्ची की पक्की हे थापटण्याने वाजवून पाहिले गेले असे आपण मानतो, त्याच गावात खापरांची पारख करणाऱ्यांना एवढे काम मिळावे, हे गोरोबांना आवडले असते. या संग्रहात पांढऱ्या केओलिन मातीच्या बाहुल्या आहेत, रोमन नाण्यांवरून उठवलेल्या मातीच्या मुद्रा आहेत, ज्या नाणे म्हणून नव्हे तर अंगावर घालण्याच्या हौसेने केल्या असाव्यात, आणि एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे, जिने तेरचे नाव इटलीपर्यंत नेले. कारण १९३८ साली पाँपेईत, इसवी सन ७९ च्या ज्वालामुखीच्या राखेखालून, अशीच एक भारतीय हस्तिदंती बाई वर आली होती, डोक्यापासून पायापर्यंत दागिन्यांनी मढलेली, दोन्ही बाजूंस दासी असलेली. तिची जवळची बहीण म्हणावी अशी मूर्ती मिळाली ती तेरला, आणि दुसरी भोकरदनला, जेथे १९७३ साली नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी मिळून उत्खनन केले. रोमच्या श्रीमंताच्या घरातील एका वस्तूचे माहेर ठरवण्याचा अधिकार अशा रीतीने मराठवाड्यातील खेड्यांच्या मातीकडे आला. भांडारकरांच्या पिढीत आपल्या पोथीचा निर्णय ग्रीकांच्या साक्षीवर होई. आता पाँपेईच्या वस्तूसाठी आपली साक्ष लागू लागली.

मोडनिंबच्या विद्यार्थ्याच्या वाट्याला यातून काय आले? त्याची पदवी आधी मुंबईची होती, १९४९ नंतर पुण्याची, १९६२ नंतर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची, आणि २००४ पासून ती सोलापूरची झाली. प्राचीन भारतीय इतिहासाच्या वर्गात तो पेरिप्लसचा उतारा इंग्रजीतून वाचतो. ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र त्याला विंदा करंदीकरांनी १९५७ साली मराठीत आणून दिले, सोफोक्लीझचा ओयदिपौस पु. ल. देशपांड्यांनी, ही दोन्ही कामे सुंदर आहेत, आणि दोन्हींना इंग्रजीचा पूल ओलांडावा लागला आहे. मला तक्रार करायची आहे ती येथे. शंभराहून अधिक वर्षे आपण या साक्षीदाराचा जबाब दुभाष्याकडून नोंदवून घेत आलो. पेरिप्लस तगरला पैठणच्या पूर्वेस ठेवतो. प्रत्यक्षात तेर पैठणच्या आग्नेयेस, सरळ रेषेत सुमारे दीडशे किलोमीटरवर आहे. दहा दिवसांचा हिशेब लादलेल्या बैलगाडीच्या चालीशी नीट जुळतो, दिशा मात्र जुळत नाही. ही चूक वही लिहिणाऱ्याची, त्याला भडोचच्या धक्क्यावर माहिती देणाऱ्या वाण्याची, की नकलनविसाची, हे ठरवायला एका माणसाला ग्रीक वाचता आले पाहिजे आणि त्याच माणसाला बालाघाटच्या घाटवाटा, तेथील ओढे आणि गाडी कोठून वळसा घालते हे ठाऊक असले पाहिजे. यातले दुसरे ज्ञान बार्शी-माढ्याकडच्या शेतकऱ्याच्या मुलाजवळ मुळातच असते. पहिले त्याला शिकवण्यासाठी सोलापुरात ग्रीकचा एक अध्यापक नेमला, तर तो खर्च मला वावगा वाटणार नाही.