सौर जलतापक, घरगुती : खानदेशातील अनुदान व सवलती

उन्हावर पाणी तापवणारे संयंत्र घराच्या छतावर बसवणाऱ्याला सरकार, वीज कंपनी किंवा महापालिका यांच्याकडून मिळणारे आर्थिक साहाय्य. जळगाव व धुळे जिल्ह्यांत मोठा आधार केंद्राच्या अनुदानाचा होता. तो आता राहिलेला नाही.

जानेवारी 2010 मध्ये सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय सौर अभियानाने 2022 पर्यंत 2 कोटी चौ. मी. संग्राहकांचे (ऊन शोषून पाणी तापवणाऱ्या पृष्ठांचे) उद्दिष्ट ठेवले होते. ग्राहकाला 30 टक्क्यांपर्यंत भांडवली अनुदान किंवा 5 टक्के व्याजाने कर्ज मिळे. सर्वसाधारण राज्यांसाठी हे अनुदान 2014 मध्ये थांबले. सौर जलतापकावरील जीएसटी जुलै 2022 मध्ये 5 वरून 12 टक्के झाला आणि सप्टेंबर 2025 मध्ये पुन्हा 5 टक्क्यांवर आला. आज घरगुती ग्राहकाला मिळणारा थेट दिलासा बव्हंशी एवढाच.

वीज कंपनीने या संयंत्राला मदत का करावी, याचे उत्तर थंडीतल्या सकाळी सापडते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात घरोघरी साधारण 2 किलोवॉटचे गिझर एकाच वेळी सुरू होतात. केंद्रीय नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या हिशेबाने 100 लिटरची 1,000 संयंत्रे कमाल मागणीतून 1 मेगावॉट भार उतरवतात. धुळे जिल्ह्यात साक्रीजवळ शिवाजीनगर येथे महानिर्मितीचा 125 मेगावॉटचा सौर वीजप्रकल्प आहे, पण तो दिवस चढल्यावर वीज देतो. पहाटेच्या आंघोळीचे पाणी मात्र आदल्या दिवशीच्या उन्हात तापून टाकीत तयार असते. खानदेशात ऊन मुबलक असताना ही सोपी साठवण धोरणातून मागे पडली, ही खेदाची गोष्ट आहे.

कर्नाटकातील वीज कंपन्यांनी सौर जलतापक असलेल्या घरांना युनिटमागे 50 पैसे, महिन्याला कमाल 50 रुपये, अशी सूट दीर्घकाळ दिली. महावितरणच्या घरगुती दरांत अशी सूट नाही. जुलै 2025 पासून स्मार्ट मीटरच्या ग्राहकांना सकाळी 9 ते सायंकाळी 5 या वेळेतील वापरावर सवलत मिळते. सकाळी सातच्या गिझरला तिचा उपयोग नाही. पीएम सूर्यघर योजनेत (2024) 3 किलोवॉटपर्यंत 78,000 रुपये अनुदान आहे, पण ते केवळ वीजनिर्मितीच्या पॅनेलसाठी. पुणे महापालिका सौर ऊर्जा, गांडूळखत आणि पर्जन्यजलसंधारण यांपैकी एक सोय असल्यास मालमत्ता करातील सर्वसाधारण करात 5 टक्के आणि दोन असल्यास 10 टक्के सूट देते.

100 लिटरचे संयंत्र वर्षाला 1,500 युनिटपर्यंत वीज वाचवते, असे सांगितले जाते. खानदेशात हा आकडा कमीच धरावा. एप्रिल-मेमध्ये छतावरच्या साध्या टाकीतले पाणीही हात भाजण्याइतके तापते. खरी गरज थंडीत आणि काही प्रमाणात पावसाळ्यात. म्हणून संग्राहक दक्षिणेकडे तोंड करून, अक्षांशापेक्षा (सुमारे 21 अंश) थोड्या अधिक कलाने बसवावा, म्हणजे हिवाळ्यातले तिरपे ऊन नीट मिळते. बोअरचे पाणी जड असल्यास तांब्याच्या नळ्यांत क्षार साचतात; तेथे उष्णता-विनिमयक (हीट एक्स्चेंजर) असलेले संयंत्र घ्यावे.

खानदेशातील घरमालकाने खरेदीपूर्वी आपल्या महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या कर विभागात अशा सवलतीची चौकशी करावी आणि ती नसल्यास नगरसेवकाकडे लेखी मागणी करावी.