सेंद्रिय आम्ले (मांसल कोंबडीच्या आहारातील)

मांसल कोंबड्यांच्या (ब्रॉयलरच्या) खाद्यात किंवा पिण्याच्या पाण्यात अल्प प्रमाणात मिसळली जाणारी फॉर्मिक, प्रोपिऑनिक, लॅक्टिक, ब्युटिरिक, सायट्रिक इत्यादी दुर्बल आम्ले व त्यांचे क्षार. व्यवहारात त्यांना ॲसिडिफायर म्हणतात. वाढीसाठी प्रतिजैविके देण्यावर यूरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून बंदी घातली आणि भारतात जुलै २०१९ मध्ये कोलिस्टिन या प्रतिजैविकाचा कुक्कुटपालनातील वापर थांबविण्यात आला. त्यामुळे पर्याय म्हणून या आम्लांचे महत्त्व वाढले.

आम्लाचा जो अंश विघटित न होता अखंड रेणूच्या रूपात राहतो, तोच जीवाणूच्या पेशीपटलातून आत शिरतो. आतील उदासीन द्रवात त्याचे विघटन होऊन हायड्रोजन आयन सुटतात, ते बाहेर टाकण्यात जीवाणूची ऊर्जा खर्ची पडते व साल्मोनेला, ई. कोलाय यांसारख्यांची वाढ खुंटते. सामू (आम्लता मोजण्याचे माप) ३.७५ असताना फॉर्मिक आम्लाचा निम्मा अंश अखंड असतो, सामू ६ ला मात्र तो एक टक्काही उरत नाही. म्हणून हे आम्ल अन्नपुट (गळ्याजवळची पिशवी) व पेषणी (अन्न दळणारे स्नायुमय जठर) येथे प्रभावी ठरते, आतड्यात नव्हे. आतड्याच्या अस्तरपेशींचे पोषण करणारे ब्युटिरिक आम्ल तेथवर पोचावे यासाठी त्याला मेदाचे आवरण देतात. प्रोपिऑनिक आम्ल साठवणीतल्या मक्याला बुरशी लागू देत नाही, परंतु आधीच तयार झालेले अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष त्याने नाहीसे होत नाही. बुरशी लागलेला मका आम्ल लावून खपविणे सर्वथा अयोग्य होय.

वऱ्हाडात या विषयाचा खरा कस पाण्यावर लागतो. अकोल्याचा उन्हाळा ४५ अंश सेल्सिअसपर्यंत जातो, तेव्हा पक्षी खाणे कमी करून पाणी अधिक पितात, त्यामुळे आम्ल पाण्यातून देणे सोयीचे पडते. पण पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्याच्या भूजलात बायकार्बोनेट पुष्कळ असतात व ते आम्लाचा मोठा भाग आधीच उदासीन करून टाकतात. या पट्ट्याच्या दक्षिणेस, डोंगरपायथ्याशी असलेल्या पातूरच्या शेडवर जी मात्रा पुरते, तीच खारपाणपट्ट्यातील बोअरच्या पाण्यात निष्फळ ठरू शकते. त्यासाठी शेडवरच्याच पाण्याची एक बादली घेऊन, त्यात मोजून आम्ल घालीत सामूपट्टी बुडवून पाहावी व सामू ४ च्या खाली जाऊ देऊ नये, कारण अतिआंबट पाणी पक्षी टाळतात. खाद्यातील चुनखडीची भुकटीही आम्ल असेच उदासीन करते, ही बाब खाद्य जुळविताना हमखास विसरली जाते.

प्रयोगांतील निष्कर्ष एकसारखे नाहीत. स्वच्छ, मोकळ्या शेडमध्ये वाढीचा लाभ थोडाच दिसतो आणि शेडमध्ये अंथरलेल्या ओल्या तुसाचे किंवा दाटीचे दुष्परिणाम आम्लाने झाकले जात नाहीत. पाण्यातून लासोटा (राणीखेत रोगावरील) लस द्यावयाच्या दिवशी आम्ल बंद ठेवावे, कारण लशीतील जिवंत विषाणू त्याने निकामी होऊ शकतो. पाणी निर्जंतुक करण्याची ब्लीचिंग पावडर व दाट आम्ल एकाच भांड्यात कधीही एकत्र करू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू बाहेर पडतो.