नाशिक जिल्ह्यातील श्रोते आणि पुणे केंद्राचा एक प्रयोग

मराठी रेडिओच्या वैभवकाळाचा विषय निघाला की ‘गीतरामायण’, ‘बिनाका गीतमाला’ आणि ‘विविध भारती’ ही नावे आपोआप ओठांवर येतात, आणि ती रास्तच आहेत. मात्र या स्मरणात श्रोता नेहमी ऐकणाराच राहतो. ऐकलेल्या कार्यक्रमावर चर्चा करून केंद्राला प्रश्न विचारणारा आणि आपल्या गावात त्यावर कृती करणारा श्रोताही त्याच काळात घडत होता, आणि ज्या पाच जिल्ह्यांत तो प्रथम घडला त्यांत नाशिक जिल्हा होता. त्या काळाच्या इतिहासात या श्रोत्याला ‘गीतरामायणा’इतकेच मानाचे स्थान मिळायला हवे.

भारतात नियमित नभोवाणी २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत सुरू झाली, तेव्हा ती ‘इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी’ या खासगी कंपनीच्या हाती होती. ती कंपनी तीन वर्षांच्या आत बुडाल्यावर सरकारने प्रसारण स्वतःकडे घेतले आणि १९३६ मध्ये त्या सेवेस ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळाले. नाशिकला त्या काळात स्वतःचे केंद्र नव्हते. मुंबईहून येणाऱ्या मध्यमलहरी, म्हणजे दिवसा जमिनीलगत प्रवास करणाऱ्या आणि रात्री वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून परावर्तित होऊन दूरवर पोहोचणाऱ्या रेडिओलहरी, सह्याद्री ओलांडून येथे येत, आणि २ ऑक्टोबर १९५३ रोजी पुणे केंद्र सुरू झाल्यावर मराठी श्रोत्याला दुसरा मोठा आधार मिळाला. घरात संच ठेवायचा तर टपाल कार्यालयातून वार्षिक परवाना काढावा लागे, आणि त्याच्या पुस्तिकेत शुल्काची तिकिटे चिकटवली जात. देशाची टपाल व महसुली तिकिटे छापण्याचे काम १९२५ साली स्थापन झालेल्या नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसकडे होते, हे येथे नमूद करण्याजोगे आहे.

अमेरिकेत ज्याला रेडिओचे सुवर्णयुग म्हणतात ते साधारणपणे १९३० आणि १९४० च्या दशकांतले होते, आणि दूरचित्रवाणी घरोघर पोहोचताच १९५० च्या दशकात ते मावळू लागले. मराठी प्रदेशात नेमक्या त्याच वेळी बहर सुरू होत होता, कारण मुंबईत दूरचित्रवाणी २ ऑक्टोबर १९७२ पर्यंत आलीच नाही आणि तोपर्यंतची जवळजवळ दोन दशके घरातील करमणुकीवर रेडिओचे निर्विवाद राज्य राहिले. श्रुतिका, म्हणजे केवळ आवाज, संगीत आणि ध्वनिपरिणाम यांच्या आधारे उभे केलेले नाटक, याच काळात मराठीत रुजली. मुंबई केंद्राच्या ‘पुन्हा प्रपंच’ या कौटुंबिक मालिकेतील पंत, मीना वहिनी आणि टेकाडे भावजी ही पात्रे अनुक्रमे बाळ कुडतरकर, नीलम प्रभू आणि प्रभाकर जोशी यांच्या आवाजांतून श्रोत्यांच्या घरची माणसे झाली. चेहरा न दिसता एवढी जवळीक निर्माण करणे हे या माध्यमाचे खरे सामर्थ्य होते.

पुणे केंद्राच्या ‘गीतरामायणा’चे नाशिकशी असलेले नाते वेगळ्या जातीचे आहे. ग. दि. माडगूळकर यांनी रचलेली आणि सुधीर फडके यांनी संगीतबद्ध केलेली ही गीतमाला १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीपासून १९ एप्रिल १९५६ च्या रामनवमीपर्यंत दर आठवड्याला एका नव्या गीताने पुढे सरकत गेली. त्या वर्षात अधिक महिना आल्याने गीतांची संख्या छप्पन्नवर गेली. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर, ललिता फडके, राम फाटक असे अनेक गायक तिच्यात सहभागी झाले, आणि केंद्रावर ही कल्पना पुढे नेणारे सीताकांत लाड यांचे श्रेयही मोठे आहे. कथेतील वनवासाचा महत्त्वाचा भाग नाशिकच्या पंचवटीत घडतो. त्यामुळे गोदावरीच्या काठी राहणाऱ्या श्रोत्याला रेडिओवरून आपल्याच गावाचे पुराण ऐकायला मिळत होते.

ही गीतमाला शेवटाकडे येत असताना, फेब्रुवारी ते एप्रिल १९५६ या काळात, त्याच पुणे केंद्रावरून एक दुसरा उपक्रम चालू होता, ज्याची आठवण आज फारशी कुणी काढत नाही. युनेस्को या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या साह्याने ऑल इंडिया रेडिओने तत्कालीन मुंबई राज्यातील पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत शेतकरी श्रोत्यांची मंडळे स्थापन केली. कल्पना मूळची कॅनडातील होती. तेथे १९४१ पासून शेतकऱ्यांचे गट ठरलेल्या दिवशी एकत्र जमून रेडिओवरचा कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करत आणि आपले मत केंद्राला कळवत. मात्र कॅनडातील सभासदांना कार्यक्रमापूर्वी छापील माहितीपत्रक वाचायला मिळे, तर महाराष्ट्रातील अनेक सभासद निरक्षर असल्याने येथे वाचनाची पायरी गळाली आणि ऐका, चर्चा करा, कृती करा एवढेच सूत्र उरले.

प्रत्येक मंडळात साधारण वीस सभासद असत, शिवाय चर्चा चालवणारा अध्यक्ष आणि तिचा वृत्तान्त लिहून केंद्राकडे पाठवणारा चिटणीस असे. आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचा एक, असे वीस कार्यक्रम प्रसारित झाले. शेती, आरोग्य, शिक्षण, साक्षरता, ग्रामपंचायतीचा कारभार असे त्यांचे विषय होते. गावचा सार्वजनिक संच, म्हणजे एका कुटुंबाच्या मालकीचा नसून सर्वांनी मिळून ऐकायचा रेडिओ, मध्ये ठेवून सभासद भोवती बसत, आणि कार्यक्रम संपला की खरी बैठक सुरू होई. मंडळांकडून आलेल्या शंकांची उत्तरे पुढील कार्यक्रमांत दिली जात. आपल्या गावाने विचारलेला प्रश्न पुण्याहून साऱ्या पाच जिल्ह्यांना ऐकू येणे हा खेड्यातील माणसासाठी अगदी नवा अनुभव होता. याच वर्षांत पुणे केंद्राच्या ग्रामीण कार्यक्रम विभागात व्यंकटेश माडगूळकर काम करत होते. खेड्याची बोली आणि रीत आतून जाणणारा लेखक त्या विभागाला लाभला, यावरून केंद्राने ग्रामीण श्रोत्याला किती गांभीर्याने घेतले होते हे दिसते.

या प्रयोगाचे मूल्यमापन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे सोपवण्यात आले आणि ते पॉल नॉयराथ यांनी केले. व्हिएन्नात जन्मलेले हे समाजशास्त्रज्ञ नाझी राजवटीत दाखाऊ आणि बुखेनवाल्ड येथील छळछावण्यांतून गेले होते आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झाले होते. मंडळे असलेली गावे, रेडिओ असूनही मंडळ नसलेली गावे आणि रेडिओच नसलेली गावे अशी विभागणी करून त्यांनी कार्यक्रमांच्या आधी आणि नंतर लोकांच्या माहितीची चाचणी घेतली. मंडळे असलेल्या गावांत माहिती लक्षणीय वाढली होती, तर नुसता रेडिओ असलेल्या गावांत ती फारच थोडी वाढली होती. सामूहिक कामांचे निर्णय घेण्यात काही मंडळे ग्रामपंचायतीपेक्षाही तत्पर ठरल्याचे त्यांनी नोंदवले. ग्रामीण रेडिओवर आजवर झालेल्या अभ्यासांत या निष्कर्षाचे मोल सर्वाधिक मानावे लागेल, कारण त्यातून संच वाटले की प्रबोधन झाले हा सोयीचा समज पुराव्यानिशी खोटा ठरला.

भाषेचा प्रश्न मात्र या मंडळांमुळे पूर्णपणे सुटला नव्हता. केंद्राची भाषा प्रमाण मराठी होती, तर नाशिक जिल्ह्यात बागलाण, मालेगाव, कळवण या भागांत अहिराणी बोलली जाते आणि पेठ, सुरगाणा या तालुक्यांतील आदिवासींच्या बोली आणखी वेगळ्या आहेत. बैठकीतील चर्चा स्थानिक बोलीत करता येत असल्याने हे अंतर काही प्रमाणात भरून निघण्याची शक्यता होती, आणि मंडळाच्या रचनेचा हाही एक लाभच म्हणावा लागेल.

शहरांतील अभिरुची याच काळात दुसऱ्या दिशेने जात होती. माहिती व प्रसारण मंत्री बा. वि. केसकर यांच्या कारकिर्दीत ऑल इंडिया रेडिओवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली, तेव्हा श्रोते लघुलहरींवरील रेडिओ सिलोनकडे वळले आणि डिसेंबर १९५२ मध्ये सुरू झालेल्या अमीन सयानी यांच्या ‘बिनाका गीतमाले’साठी बुधवारची संध्याकाळ राखून ठेवू लागले. सरकारने ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू केली ती या ओघाला उत्तर म्हणून, आणि १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे व नागपूर येथून तिच्यावर जाहिरातीही येऊ लागल्या. त्यानंतर स्वस्त झालेल्या ट्रान्झिस्टरमुळे रेडिओ शेताच्या बांधापर्यंत पोहोचला, पण ऐकणारा एकटा झाला. प्रसार वाढला तसतशी एकत्र बसून ऐकण्याची रीत मागे पडत गेली, आणि या व्यवहारात गावाचा तोटाच झाला.

पुणे केंद्राच्या अनुभवावरून १७ नोव्हेंबर १९५९ पासून अशी मंडळे देशभर स्थापन करण्याची योजना सुरू झाली. त्या वेळी तरुण असलेले सभासद आज नव्वदीच्या घरात आहेत. नाशिक जिल्ह्यातील कोणकोणत्या गावांत ही मंडळे भरत, त्यांचे चिटणीस कोण होते आणि त्यांनी पुण्याला कोणते प्रश्न पाठवले, याचा शोध ग्रामपंचायतींच्या जुन्या दप्तरांत आणि वृद्धांच्या आठवणींत घेण्याचे काम १८४० पासून चालत आलेल्या सार्वजनिक वाचनालयासारख्या नाशिकच्या संस्थांनी आणि जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी विनाविलंब हाती घ्यावे.