डुक्कर आणि डुकराचे मांस

डुक्कर : समखुरी गणाच्या सुइडी कुलातील सस्तन प्राणी. पाळीव डुक्कर रानडुकरापासूनच (सूस स्क्रोफा) आले. सुमारे ९,००० वर्षांपूर्वी आजच्या तुर्कस्तानात आणि चीनमध्ये ते स्वतंत्रपणे माणसाळवले गेले. खूर दुभंगलेला, पण रवंथ नाही. जठर माणसासारखे एककप्पी आणि आहारही माणसासारखाच मिश्र. मांसाचे बहुतेक गुणदोष या शेवटच्या दोन गोष्टींतून येतात. गाय-शेळीने खाल्लेल्या चाऱ्यातली चरबी पोटातले सूक्ष्मजीव बदलून टाकतात. डुकराच्या पोटात तसे होत नाही. खाद्यातली मेदाम्ले बऱ्याच अंशी जशीच्या तशी अंगावर चढतात. खोबऱ्याच्या पेंडीवर पोसलेल्या डुकराची चरबी घट्ट होते, शेंगदाण्यावर पोसलेल्याची मऊ. म्हणून हे मांस चांगले की वाईट हे ठरवण्याआधी ते डुक्कर कशावर आणि कुठे वाढले, हे विचारावे लागते.

कोन आणि कोकणपट्टी : जुन्या मुंबई–पुणे महामार्गावरचे कोन (ता. पनवेल, जि. रायगड) हे भातशेतीच्या पट्ट्यातले गाव. या भागातल्या आगरी-कोळी जेवणात मासळी, सुकट, कोंबडी आणि मटण येते. डुक्कर येत नाही. पनवेलच्या मुसलमानांना ते हराम आहे. इथल्या बेने इस्रायल ज्यूंनाही ते वर्ज्य, कारण खूर दुभंगलेला असून रवंथ न करणारा प्राणी त्यांच्या धर्मशास्त्राला चालत नाही. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनवार तेली’ म्हटले गेलेले हे लोक रायगडचे जुने रहिवासी; पनवेलचे बेथ एल सिनेगॉग त्यांचेच. उलट वसई ते उरण पट्ट्यातल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत सणाला, लग्नाला डुकराच्या मांसाचे इंदेल आणि सोरपोतेल हमखास शिजते, आणि त्या घरांची बोली मराठीचीच आहे. पलीकडे घाटावर आणि मराठवाड्यात वडार, कैकाडी समाजांनी पिढ्यान्‌पिढ्या डुकरे पाळली. दगड फोडणे, टोपल्या विणणे यातून जे सुटे त्याला हा जोडधंदा टेकू देई. या पाळण्यावरून गावाने त्यांना हिणवले, पण गावाच्या उकिरड्याची सफाई मात्र त्याच जनावरांकडून करून घेतली. हा अन्याय नोंदवल्याशिवाय महाराष्ट्रातल्या डुकराची माहिती पुरी होत नाही.

कर्नाळ्यासारख्या जंगलांच्या कडेला रानडुक्कर आजही भातशेतीत शिरते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे परवानगीविना त्याची शिकार करणे किंवा मांस विकणे गुन्हा आहे.

पोषणमूल्य : एकच जनावर, पण तुकड्यागणिक हिशेब बदलतो. चरबी काढलेल्या पाठीच्या कच्च्या मांसात १०० ग्रॅममागे सुमारे २१ ग्रॅम प्रथिने असतात, चरबी ६ ग्रॅमच्या आत आणि ऊर्जा सुमारे १४० किलोकॅलरी. पोटाच्या पट्टीत, म्हणजे जिच्यापासून बेकन करतात तिच्यात, प्रथिने जेमतेम ९ ग्रॅम, चरबी ५३ ग्रॅम आणि ऊर्जा ५१८ किलोकॅलरी. ‘पोर्क म्हणजे नुसती चरबी’ आणि ‘पोर्क म्हणजे उत्तम प्रथिन’ ही दोन्ही विधाने त्यामुळे अर्धवट ठरतात; ताटात पाठ आहे की पोट, ते बघायला हवे. चरबीतही निम्म्याहून जास्त भाग असंपृक्त असतो. वितळवून काढलेल्या चरबीत सुमारे ४५ टक्के एक-असंपृक्त (मुख्यतः ऑलिक आम्ल) आणि ३९ टक्के संपृक्त मेदाम्ले आढळतात.

या मांसाचा खरा विशेष थायमिन, म्हणजे ब१ जीवनसत्त्व. पाठीच्या १०० ग्रॅम कच्च्या मांसात ते साधारण १ मिलिग्रॅम मिळते. कोंबडीत याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. भात पचून त्यातल्या पिष्टाची ऊर्जा होण्यासाठी शरीराला थायमिन लागते, आणि तांदूळ सडून पांढरा केला की ते कोंड्याबरोबर निघून जाते. पांढऱ्या भातावर जगणाऱ्या कोकणपट्टीत म्हणूनच या गुणाला मोल आहे. गोव्यात उकड्या तांदळाच्या भाताशी हे मांस जेवतात. तांदूळ उकडताना थायमिन दाण्याच्या आत जाते, त्यामुळे सडल्यावरही ते बरेचसे टिकते. ही जोडी पोषणाच्या दृष्टीने भक्कम आहे. थायमिन पाण्यात विरघळते, तेव्हा शिजवलेले पाणी ओतून न देता रश्श्यातच ठेवावे.

सोरपोतेलात मांसाबरोबर काळीजही पडते. डुकराच्या १०० ग्रॅम कच्च्या काळजात सुमारे २३ मिलिग्रॅम लोह असते, शिवाय अ जीवनसत्त्व आणि ब१२ भरपूर. रक्तक्षय असलेल्या बाईसाठी एवढा समृद्ध पदार्थ स्वयंपाकघरात क्वचितच सापडेल. मात्र अ जीवनसत्त्व फार झाले तर गर्भाला अपाय होतो, म्हणून गरोदरपणी काळीज टाळावे. चरकसंहितेनेही वराहमांस स्निग्ध, बल देणारे, वात शमवणारे, रुची आणणारे आणि पचायला जड सांगितले आहे. आयुर्वेदाला ते निषिद्ध नव्हते, याचा आपल्याकडे सोयीने विसर पडतो.

चोरिस : गोव्यातले हे मसालेदार सॉसेज पावसाळ्याची बेगमी म्हणून उन्हाळ्यात करतात. मांस आणि चरबीचे बारीक तुकडे मीठ लावून दाबतात, पाणी सुटले की वाळवतात. मग लाल मिरची, मिरी, लसूण, हळद आणि माडाच्या सुरेचा शिरका यांत मुरवून आतड्यात भरतात, ठरावीक अंतरावर दोऱ्याने गाठी मारतात आणि माळा उन्हात व चुलीवरच्या धुरात वाळवतात. शिजवताना तेल लागत नाही. कांदा आणि थोडे पाणी घातले की चोरिसाची स्वतःची चरबी सुटते. चव अव्वल, पण मीठ फार. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेले मांस कर्करोगकारक ठरवले. रोज ५० ग्रॅम खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. बेकन, हॅम, चोरिस तिन्ही यात येतात. सणासुदीचा पदार्थ सणापुरताच ठेवलेला बरा.

पट्टकृमी : डुकराबद्दलची भीती मुख्यतः टीनिया सोलियम या कृमीमुळे आहे, आणि ती नीट समजून घेणे गरजेचे आहे. बाधित मांसात भिजल्या साबुदाण्याएवढे पांढुरके फोड दिसतात. असे मांस कच्चे राहिले तर माणसाच्या आतड्यात कृमी वाढतो. पण मेंदूत गाठी होऊन फेफरे येते ते मांसामुळे नव्हे. बाधित माणसाच्या विष्ठेतली अंडी हात, पाणी किंवा कच्च्या भाजीवाटे पोटात गेली की गाठी होतात. डुकराला कधी न शिवलेल्या शाकाहारी माणसालाही हा आजार होतो तो यामुळेच. डुकराला बाधा होते तीही माणसाची उघड्यावरची विष्ठा खाऊन. बंदिस्त गोठा आणि प्रत्येक घरी संडास असला की हे चक्र तुटते. मांसाचा तुकडा आतपर्यंत किमान ६३ अंश आणि खिमा ७१ अंश सेल्सिअस तापायला हवा. आपल्याकडच्या रटरटत्या रश्श्यात ही अट सहज पुरी होते. घेताना पशुवैद्यकाने तपासलेलेच घ्यावे. मुंबईत देवनारच्या पशुवधगृहात डुकरांसाठी वेगळा विभाग आहे. २०२० मध्ये ईशान्य भारतात शिरलेला आफ्रिकन स्वाइन फीवर डुकरांना मारतो, माणसाला होत नाही.

पालन आणि जाती : गाभणकाळ सुमारे ११४ दिवस. लार्ज व्हाइट यॉर्कशायर मादी एका वेताला दहाच्या आसपास पिले देते आणि पिलू सहा-आठ महिन्यांत विक्रीजोगे होते. घामाच्या ग्रंथी जवळजवळ निकामी असल्याने डुक्कर अंग थंड ठेवायला चिखलात लोळते. स्वच्छ पाणी आणि सावली दिली तर ते स्वच्छ राहते आणि विष्ठेची जागाही वेगळी ठेवते. २०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे ९० लाख डुकरे होती, सर्वाधिक आसामात. नोंदणीकृत देशी जातींपैकी ‘अगोंदा गोअन’ ही आपल्या सर्वांत जवळची. काणकोण तालुक्यातल्या अगोंद गावावरून तिचे नाव पडले. ती लहान चणीची आणि काळी असून घरच्या उरल्यासुरल्या अन्नावर, भाताच्या कोंड्यावर निभावते. संकरित डुकरांच्या लोंढ्यात ती हरवू देणे फार महागात पडेल.

इतर उपयोग : राठ केसांचे ब्रश होतात. डुकराचे इन्सुलिन मानवी इन्सुलिनहून एकाच अमिनो आम्लाने वेगळे असल्याने ते अनेक दशके मधुमेह्यांना टोचले गेले. रक्त गोठू न देणारे हेपारिन आजही मुख्यतः डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासूनच काढतात.