तगरचे स्वामी आणि समुद्रात बुडालेला राजा

समुद्राशी काडीचाही संबंध नसलेला मुलूख महाराष्ट्रात दाखवायचा झाला, तर आमचा धाराशिव जिल्हा बिनदिक्कत पुढे करावा. बालाघाटाचे माळ, ज्वारी-तुरीची राने आणि आभाळाकडे लागलेले डोळे. आमच्या तेरखेड्याचे नाव बाहेरगावी निघते ते फटाक्यांमुळे, तेही दिवाळीपुरते. आमच्याच परिसरात उगम पावलेली तेरणा पुढे मांजरेला मिळते, मांजरा गोदावरीला. म्हणजे आमचे पाणीसुद्धा जाते ते पूर्वसमुद्राकडे, कोकणाकडे पाठ करून.

असे असूनही उत्तर कोकणावर चारशेहून अधिक वर्षे राज्य करणारे शिलाहार राजे आपल्या ताम्रपटांत स्वतःला ‘तगरपुरपरमेश्वर’ म्हणवून घेत. राजधानी ठाण्याला, जहाजे खाडीत, आणि अभिमान मात्र तगरचा. हे तगर म्हणजे कोणते गाव, यावर अभ्यासकांत बराच काळ वाद होता. जुन्नर, धारूर अशी नावे सुचवली गेली. १९०१ मध्ये फ्लीट यांनी तगर म्हणजे तेरणाकाठचे आपले तेर, असे साधार मांडले आणि ते आता सर्वमान्य आहे. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासवृत्तात या नगरीचा उल्लेख येतो. भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. इथले कापड गाड्यांवर लादून भडोच बंदरात जाई आणि तिथून जहाजाने पश्चिमेकडे. तेव्हा तेर समुद्रापासून दूर होते, पण समुद्राला परके नव्हते.

या तगरच्या स्वामींचा शेवट समुद्रातच झाला. उत्तर कोकणचा शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर. त्याच्यावर चालून आला देवगिरीचा यादव राजा महादेव. काळ साधारण १२६५ चा. सोमेश्वर जमिनीवर हरला, जहाजांच्या आश्रयाला गेला आणि समुद्रात नाहीसा झाला. ठाण्याचे राज्य देवगिरीला जोडले गेले.

ही हकीकत आपल्यापर्यंत आली ती मुख्यतः काव्यातून. यादवांचा श्रीकरणाधिप हेमाद्री याच्या ‘चतुर्वर्गचिंतामणि’ या प्रचंड ग्रंथातील व्रतखंडाच्या आरंभी ‘राजप्रशस्ति’ आहे. तिच्यात सोमेश्वराचा शेवट दोन कल्पनांनी रंगवला आहे. पहिली अशी की, समुद्रात पोहण्यात पटाईत असलेला हा कोकणचा राजा महादेवाच्या हत्तींच्या मदाने वाहिलेल्या नद्यांत सैन्यासह बुडाला. दुसरी अशी की, महादेवाच्या प्रतापाची आग त्याला इतकी असह्य झाली की त्यापेक्षा समुद्राच्या पोटातला वडवानल त्याने पसंत केला. कल्पना चतुर आहेत. पण पहिलीत हरलेल्या राजाच्या पोहण्याची थट्टा आहे, हे लपत नाही. पटाईत होता ना, मग बुडाला कसा?

या काव्याचे दगडी रूप पाहायचे असेल तर बोरिवलीला जावे. पश्चिमेला एकसर नावाचे जुने गाव आहे. २०२२ पासून मेट्रोचे एक स्थानकही त्याच नावाने उभे आहे. १८८२ च्या ठाणे गॅझेटियरमध्ये तिथल्या तळ्याकाठच्या सहा कोरीव वीरगळांची नोंद आहे. मी ते वर्णन हाताने उतरवून घेऊन गेलो होतो. आज भोवती इमारती आहेत, समुद्र दिसत नाही. गोराईची खाडी तेवढी पश्चिमेला आहे. पण शिळांपुढे उभे राहिले की पाण्याचा विसर पडत नाही.

आमच्या मराठवाड्यात वीरगळ वेशीवेशीला आहेत. ते खालून वर वाचायचे असतात. तळाला लढाई आणि मरण, मध्ये वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, शेंड्याला कलश. आमच्याकडच्या तळपट्टीत घोडा असतो, ढाल-तलवार असते, कधी पळवून नेलेली गुरे असतात. एकसरला या तळपट्टीत जहाजे आहेत. काही शिळांवर जमिनीवरचे युद्ध आहे, त्यात हत्तीही दिसतात. इतरांवर उंच नाळेची, डोलकाठीची जहाजे रांगेने शत्रूवर चालून जातात. त्यांच्या एकेका बाजूला नऊ वल्ही आहेत. दगड झिजलेला आहे, त्यामुळे सकाळचे तिरपे ऊन असताना पाहिलेले बरे.

हे युद्ध सोमेश्वर-महादेवाचेच कशावरून? शिळांवर राजाचे नाव सांगणारा लेख नाही. काहींनी त्यांचा संबंध माळव्याच्या भोजाने अकराव्या शतकाच्या आरंभी केलेल्या कोकणविजयाशीही जोडला होता. पण हत्तींसह भूमीवरची लढाई आणि लगोलग जहाजांची लढाई हा क्रम हेमाद्रीच्या प्रशस्तीशी जुळतो, म्हणून आज बहुतेक अभ्यासक १२६५ कडे झुकतात. मलाही तेच पटते. मात्र ही जुळणी आहे, पुरावा नव्हे, एवढे भान ठेवावे.

मला महत्त्वाचा वाटतो तो काव्य आणि शिल्प यांतला फरक. एकाच घटनेच्या या दोन आठवणी असतील, तर त्या एकमेकींशी भांडतात. हेमाद्रीच्या श्लोकांत जहाज चालवणारा माणूसच नाही. तिथे एक राजा जिंकतो आणि एक राजा बुडतो. पाथरवटाने मात्र वल्ही मोजून कोरली. वल्ही आली की वल्हवणारे हात आले, आणि ते हात कोकणातल्या खाड्यांवरच्या माणसांचेच असणार. देवगिरीच्या डोंगरावर नावाडी कुठून तयार होणार? महादेवाच्या बाजूची जहाजेही किनाऱ्यावरच्याच लोकांनी चालवली असतील, असे माझे अनुमान आहे. तसे असेल तर त्या दिवशी दोन्हीकडून एकाच किनाऱ्याची माणसे मेली.

दुसरा फरक मरणाविषयीचा. प्रशस्तीत बुडणारा हा हसण्याचा विषय आहे. वीरगळ ही गोष्ट मुळातच पडलेल्याची असते. तिथे मेलेल्याला कैलास मिळतो, मग तो जिंकणाऱ्या बाजूचा असो की हरणाऱ्या. कवीने ज्या पाण्यात थट्टा पाहिली, त्याच पाण्यातून पाथरवटाने माणसे वर काढून शिवापुढे बसवली.

आमच्या भागात यादवांचा इतिहास आपला म्हणून सांगितला जातो, आणि ते योग्यच आहे. हेमाडपंती देवळांशिवाय आमच्या गावांची ओळख पुरी होत नाही. पण सोमेश्वराचे घराणे तर प्रत्यक्ष तेरचे नाव बिरुदात मिरवत होते. जिंकलेला आमचा, तसा बुडालेलाही आमचाच. शाळेत मी फक्त पहिल्याविषयी शिकलो.

परदेशात काही ठिकाणी समुद्रकाठी कवितांवरून शिल्पे करून त्यांची वाट आखतात, आणि लोक ती पाहायला मुद्दाम जातात. आपल्याकडे अशी वाट साडेसातशे वर्षांपूर्वीच कोरली गेली आहे. ती फक्त दाखवायची राहिली आहे. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे शासकीय वस्तुसंग्रहालयात रोमन व्यापाराच्या खुणा पाहायला मुले येतात. तिथे एकसरच्या जहाजांचे एक मोठे छायाचित्र लावावे, आणि एकसरला ‘तगरपुरपरमेश्वर’ या शब्दाचा अर्थ सांगणारा एक मराठी फलक उभारावा. याला फार पैसा लागणार नाही. शिळा मात्र दर पावसाळ्यात थोड्या झिजत आहेत. नऊ वल्ही मोजता येतात, तोवर हे काम झाले पाहिजे.