टेक ऑफचा अर्धा मार्क

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. सहामाहीच्या पेपरात एका पोराने लिहिले होते, ‘ही टुक ऑफ द टीचर.’ मी तांबड्या शाईने विचारले, ‘काय काढले? टोपी की कोट?’ अर्धा मार्क कापला, आणि ते वाक्य वर्गात मोठ्याने वाचूनही दाखवले. वर्ग हसला. पोरगा खाली बघत म्हणाला, “सर, नक्कल केली असं म्हणायचं होतं.”

माझी मजल मॅट्रिकपर्यंतच. कादंबऱ्या लिहितो त्या मराठीत. इंग्रजी शिकवतो ते क्रमिक पुस्तकाच्या आधाराने. ‘टेक ऑफ’ म्हणजे काढणे, एवढेच मला ठाऊक.

पुढे डॉक्टर जॉन्सनच्या कोशाची प्रस्तावना हाती पडली. हा कोश १७५५ साली लंडनला निघाला. एकट्या ‘टेक’चे १३४ अर्थ देणारा हा गृहस्थ म्हणतो, क्रियापदाच्या शेपटीला एवढासा शब्द जोडून आम्ही अर्थ पालटतो, आणि परक्यांची मोठी अडचण होते ती इथेच. उदाहरणांत ‘टेक ऑफ’ आहे. अर्थ: नक्कल करणे! माझ्या तांबड्या शाईच्या अडीचशे वर्षे आधी.

मग मी उकरायलाच बसलो. ‘टेक’ मुळात इंग्रजांच्या घरचा नव्हेच. जुन्या इंग्रजीत घेण्याला ‘निमन’ म्हणत. उत्तरेकडून नॉर्स दर्यावर्दी आले, लुटालूट करता करता तिथेच राहिले, आणि त्यांच्या ‘टाका’ने ‘निमन’ला घराबाहेर काढले. ‘ऑफ’ची कथा आणखी गमतीची. तो आणि आपण ‘चा-ची-चे’ म्हणून शिकवतो तो ‘ऑव्ह’ एकेकाळी एकच शब्द होते. जोर देऊन उच्चारला तो निराळा झाला. त्या काळी असे शब्द पुष्कळदा क्रियापदाच्या आधी लागत, आपल्या आहार-विहार-संहारातल्या उपसर्गांसारखे. शेपटीला गेले ते नंतर.

‘ऑफ’मध्ये सुटून दूर जाणे आहे. टोपी डोक्यावरून सुटते, उडी घेणारा घोडा जमिनीवरून सुटतो. १७ डिसेंबर १९०३ रोजी राइट बंधूंचे यंत्र १२ सेकंदांत १२० फूट गेले, आणि पुढे घोड्याचा शब्द विमानाला मिळाला. १९५६ साली रोस्टो या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने तो देशांच्या अर्थव्यवस्थेलाही लावला.

आपण मात्र नाक मुरडू नये. आपण धार काढतो, कर्ज काढतो, समजूत काढतो, अडचणीचे दिवस काढतो. परक्याने यातून काय काढावे?

गेल्या दिवाळीत तो पोरगा घरी आला. चिवड्याची बशी ठेवून आमची मंडळी आत गेली. मी जॉन्सनचे पान उघडून त्याच्यापुढे ठेवले. म्हटले, “तुझा अर्धा मार्क देणे लागतो.”

त्याने वाचले, चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला आणि माझ्याच आवाजात गरजला, “काय काढले? टोपी की कोट?”

आतून आवाज आला, “अहो, सणासुदीला कुणावर ओरडताय?”