लहानग्यांच्या दंडावरून

विषाणू एकट्याने वाढू शकत नाही. तो सजीव पेशीत शिरतो, तिच्याच यंत्रणेकडून आपल्या असंख्य प्रती घडवून घेतो आणि बहुधा तिचाच नाश करतो. देवीचा विषाणू श्वासावाटे शरीरात येई, रक्तात मिसळे. सुमारे १२ दिवसांनी ज्वर येई व मग फोड उमटत. दर १० रोग्यांमागे सुमारे ३ दगावत.

गाईच्या देवीचा विषाणू याचाच सौम्य भाऊबंद. त्याची ओळख पटलेले शरीर देवीलाही परतवून लावते, हे १७९६ साली एडवर्ड जेन्नर यांच्या प्रयोगाने दिसून आले. परंतु लस सागरापार न्यावी कशी? वाळवलेली लस लांबच्या प्रवासात निकामी होई. म्हणून १८०३ च्या नोव्हेंबरात डॉ. बाल्मिस स्पेनहून निघाले ते २२ अनाथ मुलगे घेऊन. एकाच्या दंडावरील फोडातील लस दुसऱ्याला, अशी साखळी त्यांनी राखली. इसाबेल सेन्दाल या बाई मुलांची काळजी वाहत. १८०४ साली लस अमेरिका खंडात पोचली. आपल्या मुंबईतही ती १८०२ साली बसऱ्याहून आली. १४ जून रोजी ३ वर्षांच्या ॲना डस्टहॉलला ती लागू पडली.

१९८० साली देवीचे उच्चाटन जाहीर झाले. आपल्या वडीलधाऱ्यांच्या दंडावर देवी काढल्याचा वण अजून दिसतो. तो पाहताना ज्यांनी ही लस अंगावर वाहिली, त्या पोरक्या मुलांचे ऋण आपण स्मरावे.